एका बाईच्या हाती किती मुलं?

नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्ही चित्रण घरोघरच्या मोबाइलवर पोचलं. दहा महिन्यांच्या मुलीला तिला सांभाळणारी बाईच मारत होती, आपटत होती. मी ते अर्ध्यावर बंद केलं. माझी मुलगी तेव्हा डोंबिवलीतल्या दुसऱ्या एका पाळणाघरात होती आणि मी ठाण्याच्या ऑफिसात. त्या आठवड्यात सुरू झालेला वाद, नवी घटना घडली की दर वेळी त्याच जागेवरून पुन्हा सुरू होतो. एक बाजू म्हणते, परवाना सक्तीचा करा, कॅमेरे लावा, विनापरवाना पाळणाघरांना टाळं ठोका. दुसरी म्हणते, परवाना आला की इन्स्पेक्टर आला, इन्स्पेक्टर आला की पाकीट आलं, आणि दोन खोल्यांत प्रेमाने मुलं सांभाळणारी काकू तेवढी त्यात मरेल. मग कोणीतरी विचारतं, एवढंसं मूल टाकून आईने नोकरीला जायचंच कशाला? हा प्रश्न बापाला कधीही विचारला जात नाही, म्हणून मी तो या चर्चेत धरतच नाही. पण पहिल्या दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. दोघींचीही भीती खरी आहे. तरी दोघी चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत असं मला वाटतं.

मला परवाना हवा आहे, आणि सक्तीचा हवा आहे. मात्र आज मागितला जातो तो नको. तो खोली मोजतो, कॅमेरे मोजतो, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स मोजतो. पाळणाघरात मोजायची पहिली गोष्ट म्हणजे एका वेळी एका बाईच्या हाती किती मुलं आहेत. हा आकडा परवान्याच्या केंद्रस्थानी नसेल, तर भिंतीवर कितीही चौकटी टांगा, आत काय चाललंय ते कळणार नाही.

आज त्या भिंतीवर काय असतं? बहुतेक ठिकाणी गुमास्ता. आईबाप त्याकडे बघतात आणि 'लायसन आहे' म्हणून निश्चिंत होतात. हा गुमास्ता दुकाने व आस्थापना कायद्याचा कागद आहे. किराणा दुकानाला मिळतो, मोबाइल दुरुस्तीवाल्याला मिळतो, तसाच पाळणाघरालाही. त्यातही महाराष्ट्राच्या 2017 च्या नव्या कायद्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची नुसती सूचना दिली की झालं. आणि दहा कामगार असलेलं पाळणाघर तुम्ही किती पाहिलंय? कुठे 'उद्यम'चं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र असतं. ते मालकाने स्वतःच भरलेल्या माहितीवर घरबसल्या मिळतं. यातल्या एकाही कागदासाठी कोणी येऊन मुलं मोजलेली नसतात. बाल न्याय कायद्यात नोंदणीची सक्ती आहे, पण ती अनाथ, निराधार, संकटातल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थांसाठी. सकाळी आई सोडते आणि संध्याकाळी बाबा घेऊन जातात त्या मुलांसाठी नाही. त्याच कायद्याचं 75 वं कलम संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलाशी क्रूरपणे वागल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं, पण ते घडून गेल्यानंतर. घडू नये म्हणून काय? सोसायटीच्या लिफ्टला परवाना आणि तपासणी लागते. गेटवरचा वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या कायद्याने परवाना लागतो. डबे देणाऱ्या बाईलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. बोलता न येणारं मूल दिवसाचे दहा तास ज्या घरात असतं, त्या घरासाठी म्हणून मात्र वेगळा परवाना नाही.

आमच्या काकू चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. माझी मुलगी त्यांच्याकडे आठव्या महिन्यात गेली तेव्हा त्यांच्याकडे सात मुलं होती आणि हाताखाली एक मावशी. लेक संध्याकाळी अंगाला पावडरीचा वास घेऊन, पोटभर वरणभात खाऊन घरी यायची. वर्षभरात मुलं तेरा झाली. मावशी गावाला गेल्या त्या परतल्या नाहीत. मला हे दिसत होतं. दारातल्या चपला वाढल्या होत्या, पायरीवर जागा उरायची नाही. लेकीच्या मांड्यांवर ओल्या लंगोटाचे चट्टे उठू लागले. पुढे ती घरी आली की एका विशिष्ट कार्टूनचं गाणं म्हणायची, जे आमच्या घरी कधी लागलेलं नव्हतं. मी काकूंना काही विचारलं नाही. त्या दुखावतील, आणि दुखावून 'उद्यापासून नका आणू' म्हणाल्या तर मी कुठे जाऊ, हे भय होतं. काकूंनी हात कधीच उगारला नसेल याची मला आजही खात्री आहे. त्यांचं मन वर्षभरात बदललं नव्हतं. दोन हातांत तेरा मुलं मावत नव्हती. टीव्ही लावून ठेवण्यावाचून त्यांना दुसरा उपायच नव्हता.

मुलं जास्त आणि हात कमी झाले की मुलांना गप्प करणं हेच मुख्य काम होऊन बसतं. ही गोष्ट आजची नाही. 1920 च्या दशकात गिरणगावातल्या कामकरी बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देऊन झोपवत आणि गिरणीत जात. मुंबईच्या त्या काळच्या पाहण्यांत याची नोंद आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. दहा तासांची पाळी, चाळीतली एक खोली आणि मूल बघायला कोणी नाही, यातून निघालेला तो मार्ग होता. त्याआधी पन्नास वर्षं इंग्लंडातही अफूच होती. पैसे घेऊन तान्ही मुलं ठेवून घेणाऱ्या बायकांचा धंदा तिकडे जोरात होता. 1870 मध्ये लंडनच्या मार्गारेट वॉटर्स या बाईला याच धंद्यातल्या एका बाळाच्या मृत्यूबद्दल फाशी झाली. तिच्या घरातली बाळं अफूच्या गुंगीत, उपाशी सापडली होती. तेव्हाही प्रश्न हाच आला की अशा बायकांना नोंदणी सक्तीची करावी का. आणि विरोध कोणी केला? स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या लिडिया बेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी. गरीब कामकरी आईला मूल शेजारणीकडे ठेवण्याची मुभा उरणार नाही, बायकांच्या घरात सरकारी पुरुष घुसतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आजच्या आपल्या 'इन्स्पेक्टर राज'वाल्या बाजूचं म्हणणं याहून फार वेगळं नाही, आणि ते तेव्हाही पोकळ नव्हतं.

1872 मध्ये कायदा झाला, पण भीतभीत केलेला. एक वर्षाखालची, एकाहून जास्त बाळं चोवीस तासांहून अधिक ठेवणाऱ्यांनाच तो लागू होता. एकच बाळ ठेवणारी सुटली, दिवसभरापुरती मुलं सांभाळणारी सुटली. अमेलिया डायर नावाची बाई त्यानंतरही वर्षानुवर्षं बाळं घेत राहिली. 1896 मध्ये तिला फाशी झाली आणि 1897 मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. मधल्या पंचवीस वर्षांत कागदावर कायदा होता. बेकरबाईंची भीती खरी असूनही मुलांची किंमत त्याहून मोठी ठरली, हे त्या इतिहासातून मला दिसतं. आणि कायदा कोणाला पकडतो, कोणाला सोडतो हे आकड्यावर ठरतं, हेही दिसतं.

आता परवान्याविरुद्धचे खरे भक्कम मुद्दे घेऊ. पहिला असा की परवान्याने मुलं वाचत नाहीत. मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात 5 जून 2009 रोजी एका पाळणाघराला आग लागली आणि 49 मुलं गेली. ते पाळणाघर चोरून चालवलेलं नव्हतं, तिथल्या सामाजिक सुरक्षा संस्थेच्या मान्यतेने चाललेलं होतं. शेजारच्या सरकारी गोदामातून आग आत शिरली. आपल्याकडे दिल्लीच्या विवेक विहारात 25 मे 2024 च्या रात्री नवजात बालकांच्या खासगी रुग्णालयाला आग लागून सात बाळं दगावली. त्याचा परवाना त्याच वर्षी 31 मार्चला संपला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला दहा नवजात बाळं आगीत गेली, आणि ते तर सरकारचंच रुग्णालय. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली आणि संतापलेलं शहर 20 तारखेला रेल्वे रुळांवर उतरलं. तीही विनापरवाना खोली नव्हती, शाळा होती. ज्या सरकारला स्वतःचे वॉर्ड तपासता येत नाहीत ते गल्लीतली पाळणाघरं काय तपासणार, हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही.

पण या उदाहरणांत जरा खाली वाकून बघा. विवेक विहारच्या रुग्णालयाला पाच खाटांची परवानगी होती आणि त्या रात्री आत बारा बाळं होती. पाच आणि बारा. हे कळायला अग्निशमनाचं शास्त्र लागत नाही, दारातून डोकं आत घातलं तरी पुरतं. परवाना होता तोवरही हा आकडा आत जाणाऱ्या कुठल्याच आईबापाच्या डोळ्यांसमोर नव्हता. फायलीत होता. बदलापूरचा प्रश्नही माणसांचाच आहे. चार वर्षांच्या मुलीला स्वच्छतागृहात कोण नेतं, तिच्यासोबत दुसरं मोठं माणूस असतं का? हे कोणत्याही मान्यतापत्रावर लिहिलेलं नसतं. परवान्याने मुलं वाचली नाहीत हे खरं, पण म्हणून परवाना नको असं होत नाही. या परवान्यांनी आतली माणसं कधी मोजलीच नाहीत, किंवा मोजून फायलीत पुरून ठेवली.

कॅमेऱ्याचंही तेच. 'सीसीटीव्ही सक्तीचा करा' ही मागणी मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती खारघरच्या नावाने केली जाते. खारघरला कॅमेरा होता. म्हणून तर आपल्याला ते चित्रण दिसलं. आईबापांनी बाळाच्या अंगावरच्या खुणा पाहिल्या, तक्रार केली, त्यानंतर ते तपासलं गेलं. कॅमेऱ्याने पुरावा दिला, आणि तो मोलाचा होता. पण त्या खोलीत त्या वेळी दुसरी बाई असती, आणि ती 'अगं, काय करतेस' म्हणाली असती, तर त्या बाळाला तेवढा मार बसला नसता. कॅमेरा बोलत नाही. शिवाय तो स्वस्त आहे, म्हणूनच तो सगळ्यांना आवडतो. कॅमेरे एकदाच पैसे देऊन बसवता येतात, दुसऱ्या बाईला पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

दुसरा भक्कम मुद्दा काकूंचा. परवाना आला की चौरस फूट येतील, तळमजला येईल, अग्निशमनाचा दाखला, वास्तुविशारदाचा नकाशा, पदविका असलेली शिक्षिका असं सगळं येईल. मोठ्या साखळीतल्या पाळणाघरांना ते जमेल. त्यांची फी आजच अनेकांना परवडत नाही. गल्लीतली काकू बंद करेल, किंवा दार लावून चोरून चालवेल. आणि तिच्याकडचं मूल कुठे जाईल? पाचवीत शिकणाऱ्या मोठ्या बहिणीकडे. वस्तीत आजही सगळ्यात मोठं पाळणाघर म्हणजे शाळा सुटलेली ताई. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. महाराष्ट्राला तर तो जास्त कळायला हवा, कारण आपली बालवाडी इमारतीतून आलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 नंतर बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं शाळेच्या खोलीत येईनात. मग शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला कुरणशाळा झाली, गुरं चारायला जाणाऱ्या मुलांमागून शिक्षक कुरणात गेले. देशभर रुजलेल्या 'अंगणवाडी' या शब्दात ते अंगण अजून आहे. त्या दिवशी दर मुलामागे किती चौरस फूट बांधीव जागा हा निकष पुढे ठेवला असता, तर अनुताईंना परवानगी मिळाली असती का?

तरीही प्रेमाने आग विझत नाही. तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये 16 जुलै 2004 रोजी एका शाळेत दुपारचं जेवण शिजताना ठिणगी उडाली, गवताचं छप्पर पेटलं आणि 94 मुलं जळाली. गॅसची शेगडी मुलांच्या खोलीत नको, बाहेर पडायचा रस्ता मोकळा हवा, गॅलरीला आणि खिडकीला जाळी हवी, पाण्याचं पिंप झाकलेलं हवं, हे घरगुती पाळणाघरालाही माफ करता येणार नाही. या चार गोष्टींना वास्तुविशारद लागत नाही. मुलं रांगू लागली की प्रत्येक घर हेच तर करतं.

म्हणून मला परवाना पायऱ्यांचा हवा. नमुना आपल्याच घरात आहे. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्यांसाठी परवाना ठेवलाच नाही, वर्षाला 100 रुपयांची साधी नोंदणी ठेवली. त्यावरच्यांना परवाना. पापड लाटणारी बाई आणि बिस्किटांचा कारखाना यांना एका तराजूत तोलायचं नाही एवढं शहाणपण आपण पापडाच्या बाबतीत दाखवलंय. पाळणाघराची पहिली पायरी मी पाच मुलांवर ठेवेन: स्वतःच्या घरात पाचपर्यंत मुलं, त्यातली दोन वर्षांखालची दोनच. तिथे फक्त नोंदणी, त्या चार गोष्टी, घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची पोलिस पडताळणी आणि बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं याचं एका दिवसाचं प्रशिक्षण, तेही फुकट. सहावं मूल आलं की दुसरं माणूस सक्तीचं आणि परवाना सक्तीचा. त्यापुढे दोन वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एक, त्यावरच्या दर आठ मुलांमागे एक.

पाच हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमीतून प्रेरणा घेतलेल्या केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तो लिहिला गेला. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला तीच मजुरी द्यायची. ना चौरस फूट, ना पदविका. खडी फोडण्याच्या जागेवर, झाडाखाली, पाच मुलांना एक बाई. पाळणाघराबद्दल या देशाने लिहिलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे असं मला वाटतं. ते पुरेपूर पाळलं गेलं नाही, ही गोष्ट वेगळी. याउलट 2018 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दर मुलामागे दहा-बारा चौरस फूट जागा आहे, पहारेकरी आहे, आणि तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, सोबत मदतनीस. दहा! जुळी वाढवलेल्या कुठल्याही घरात जाऊन हा आकडा वाचून दाखवा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक माणूस लागतं, कॅलिफोर्नियातल्या पाळणाघरांत चारांमागे एक. आपली बाळं काही कमी रडत नाहीत.

कॅलिफोर्नियाचं नाव आलंच आहे तर आणखी एक. तिथे घरगुती पाळणाघराचा परवाना केंद्राच्या परवान्याहून वेगळा आहे, लहान घरात आठपर्यंत मुलं, मोठ्या घरात चौदापर्यंत. 2019 मध्ये त्यांनी कायदा केला की अशा घराला नगरपालिकेने निवासी वापरच मानायचं, व्यावसायिक म्हणून वेगळी परवानगी मागायची नाही. आपल्याकडे काकूंचा पहिला शत्रू इन्स्पेक्टर नसतो, सोसायटीची कमिटी असते. 'मुलांचा गोंगाट होतो', 'फ्लॅटचा व्यावसायिक वापर चाललाय', 'लिफ्ट खराब होते'. मग मीटर व्यावसायिक करा, ना-हरकत आणा. जी काकू आज नोंदणीला घाबरते ती बहुतेक वेळा नोंदणीमुळे सोसायटीला आपला पत्ता लागेल म्हणून घाबरते. नोंदणी केलेल्या पाच मुलांच्या पाळणाघराला सोसायटीने हरकत घेता कामा नये आणि त्याची वीज घरगुती दरानेच आकारली जावी, एवढं सरकारने लिहून दिलं, तर काकू स्वतः रांगेत उभी राहील. परवाना हा नुसता घ्यायचा कागद असला की लोक तो चुकवतात. त्याच्या बदल्यात काही हाती पडत असेल तर मागून घेतात.

कायद्याने कुठे जाऊ नये, तेही सांगायला हवं. 2009 मध्ये इंग्लंडात दोन महिला पोलिसांनी आपापल्या पाळ्या जुळवून एकमेकींच्या मुली सांभाळायची सोय केली होती. तपासणी यंत्रणेने त्यांना कळवलं की हे विनानोंदणी पाळणाघर आहे, कारण पैसे नसले तरी मोबदला आहे. देशभर गदारोळ झाला आणि सरकारला नियम सैल करावा लागला. मैत्रिणीने, आत्याने, शेजारच्या आजीने मूल बघणं हा व्यवहार कायद्याच्या बाहेरच राहायला हवा. अनोळखी आईबापांकडून पैसे घेऊन, रोज, दार उघडं ठेवून मुलं घेतली जातात, तिथूनच कायदा सुरू व्हावा.

आता पाकिटाची भीती. ती कोणी घालवू शकेल असं मी म्हणत नाही. पण पाकीट कुठे चालतं ते बघा. 'पुरेशी हवा आणि उजेड', 'समाधानकारक स्वच्छता', 'योग्य वातावरण' असे शब्द नियमात असले की अधिकाऱ्याच्या मर्जीला मोकळं रान मिळतं. मुलं सहा आणि बाई एक, यात मर्जीला जागा उरत नाही. आणि हा आकडा अधिकाऱ्याने वर्षातून एकदा मोजायचाच नाही. पाळणाघराच्या दारावर एक पाटी असावी, शाळेच्या फळ्यावर पट आणि हजेरी लिहितात तशी. परवानगी किती मुलांची, आज हजर किती, सांभाळणारी माणसं किती. रोज सकाळी खडूने लिहायची. आई सोडायला येते, बाबा न्यायला येतात, त्यांना दिवसातून दोनदा मोजता येतं. मला त्या वर्षी काकूंना विचारायला जीभ रेटली नाही. दारावर 'परवानगी 8' असं लिहिलेलं असतं तर मला विचारावं लागलं नसतं, पाटीनेच विचारलं असतं. अधिकाऱ्याचं काम मग उरतं ते पालकांची तक्रार आली की आठ दिवसांत जाऊन बघण्याचं. ते अंगणवाडीच्या मुख्यसेविकेच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका. तिच्याकडे आधीच रजिस्टरं कमी नाहीत. प्रभागागणिक एक पगारी माणूस नेमा.

सगळ्यात कठीण भाग पैशाचा, आणि परवाना मागणारे नेमके इथे गप्प होतात. समजा बाळं सांभाळणाऱ्या बाईला महिना पंधरा हजार द्यायचे. दहा बाळांत वाटले तर डोक्यामागे दीड हजार. चार बाळांत वाटले तर 3,750. भाडं, दूध, वीज वेगळं. म्हणजे मी मागते तो नियम आला तर फी वाढणार, सरळ वाढणार. हे न सांगता परवाना मागणं म्हणजे आईबापांना फसवणं आहे. मग हे पैसे कोणी द्यायचे?

थोडा जुना अनुभव इथे उपयोगी पडेल. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 48 व्या कलमात पाळणाघराची सक्ती होती ती स्त्री कामगारांच्या संख्येवर, आधी पन्नास आणि 1976 नंतर तीस. या सक्तीतून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे बायकाच कमी ठेवणं, आणि मालकाच्या हाती तो मार्ग आपणच दिला. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ही खोट काढली. पन्नास कर्मचारी, बाई असो वा पुरुष, तर पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासाची ही तरतूद आली. पण ऑफिसच्या इमारतीत पाळणाघर म्हणजे डोंबिवलीहून बाळाला गर्दीच्या लोकलने ठाण्याला न्यायचं. कोण नेणार? त्यापेक्षा मालकाने घराजवळच्या परवानाधारक काकूची फी थेट भरावी आणि ती कायद्याची पूर्तता धरावी. असं झालं तर काकूंना मावशी ठेवता येईल, आईचा खिसा वाचेल, आणि परवाना घ्यायचं आणखी एक कारण तयार होईल.

एवढं करूनही पन्नास कर्मचाऱ्यांचा मालक जिच्या आयुष्यात नाही ती बाई बाहेरच राहते. धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी, मजुरीसाठी नाक्यावर उभी राहणारी. 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि मुंबईतही पोचली. त्या मुलांसाठी अंगणवाडीची वेळ संध्याकाळपर्यंत वाढवायला आणि तिथे दुसरी बाई नेमायला सरकारलाच पैसे द्यावे लागतील. तिथे परवाना मागून उपयोग नाही. तिथे पाळणाघरच मागावं लागेल.

आमच्या काकूंकडच्या त्या मावशी गावाला गेल्या त्या का परतल्या नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांना दीड वर्षाचा मुलगा होता. आमच्या मुलांना त्या भरवत तेव्हा तो कल्याणच्या खोलीवर नऊ वर्षांच्या बहिणीजवळ असायचा. बहिणीची शाळा सुटली म्हणून त्यांनी काम सोडलं. पाळणाघराचे नियम कधीतरी लिहिले गेले तर त्यात एक कलम असावं, की तिथे काम करणाऱ्या मावशीचं मूल त्याच पाळणाघरात राहील, त्याची फी लागणार नाही, आणि दारावरच्या पाटीवर रोज सकाळी मुलं मोजताना तेही मोजलं जाईल.